दुसरा नंबर आणि दोन नंबर

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर दोन राष्ट्रीय महामार्गांची गाठ पडते. एक १६१, म्हणजे अकोल्याहून वाशिम, हिंगोली, कळमनुरी करत नांदेडमार्गे तेलंगणातल्या संगारेड्डीकडे उतरणारा. दुसरा ३६१, तुळजापूरहून लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळच्या बुटीबोरीला टेकणारा. हे आकडे कुणी डोळे मिटून दिलेले नाहीत. केंद्र सरकारनं २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांना नव्यानं नंबर दिले, तेव्हा पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम, आणि मुख्य रस्त्याच्या शाखांना त्याच नंबराच्या आधी एक आकडा जोडून तीन आकडी नंबर, असा नियम ठरला. पूर्वीचा कल्याण-निर्मल २२२ हा त्यात ६१ झाला. १६१ आणि ३६१ ही त्या एकसष्टचीच पोरं.

एवढी वंशावळ लावून दिलेले नंबर, पण फाट्यावर उभं राहून कुणाला ‘एकशे एकसष्ट कुठून जातो’ असं विचारून बघावं. समोरचा माणूस जरा विचारात पडेल आणि म्हणेल, “गाडीचा नंबर सांगायलाव का?” रस्ते इथं हिंगोली रोड, नांदेड रोड आणि नागपूर रोड याच नावांनी ओळखले जातात. मैलाच्या दगडावरचा नंबर वाचणारा एखादाच, तोही बहुधा नकाशा हातात धरून वाट चुकलेला.

याचा अर्थ फाट्यावर ‘नंबर’ हा शब्द चालत नाही असा नाही. सकाळी सहापासून रात्री शेवटची गाडी जाईपर्यंत तो इथं चहापेक्षा जास्त वेळा तोंडात येतो. फक्त मोजण्यासाठी म्हणून कुणी तो फारसा वापरत नाही.

सगळ्यात मोठा वापर बघायचा तर रविवारी सकाळी सलूनच्या दारात उभं राहावं. येणारा गिऱ्हाईक आत डोकावतो आणि खुर्चीतल्या माणसाच्या फेसाळ गालाकडे बघत विचारतो, “किती नंबर हायत?” कारागीर वस्तरा न थांबवता म्हणतो, “तीन. बसा.” पण बसतो कोण? गिऱ्हाईक खांद्यावरचा रुमाल बाकड्यावर टाकतो, “माझा नंबर धरा” म्हणतो आणि खिचडी खायला निघून जातो. फाट्याची खिचडी नांदेड-हिंगोलीकडं नावाजलेली, तेव्हा कारण वाजवी आहे. अर्ध्या तासानं तो परततो तर खुर्चीत भलताच माणूस.

“अहो, मी नंबर लावून गेल्तो.”

“लावून गेला म्हंजी नंबर बी तुमच्यासंगं गेला, मामा. आता मागून.”

“रुमाल हाय की हितं!”

“मग रुमालाची करतो.”

या चार वाक्यांत इंग्रजांच्या मूळ ‘नंबर’चा मागमूसही नाही. इंग्रजीत तो मोजदादीचा शब्द. इथं तो आहे पाळी. आणि पाळी हा शब्द मराठीनं या कामातून जवळजवळ निवृत्त का केला, याचं कारणही उघड आहे. बायकांच्या मासिक धर्माला संकोचानं ‘पाळी’ म्हणायची पद्धत रूढ झाली आणि मग चारचौघांत ‘माझी पाळी कधी येणार’ हे वाक्य टाकायला पुरुषही बिचकायला लागले. शब्दकोशात दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदतात, सलूनच्या बाकड्यावर नांदत नाहीत. दुसरा देशी शब्द ‘बारी’. तो पंढरपुरात दर्शनबारीत टिकून आहे, मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातही सापडतो. पण बाकी सगळी जागा रिकामी होती, तिथं नंबर येऊन बसला. रुमाल न टाकता.

आणि बसल्यावर त्यानं मराठी क्रियापदांशी असा काही संसार थाटला की मूळच्या माहेरी ओळख पटू नये. नंबर लावणं आणि नंबर लागणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर. लावणं आपल्या हातात असतं, लागणं नसतं. नंबर लावायला पहाटे उठावं लागतं, लागायला नशीब लागतं. पिठाच्या गिरणीत डबा नंबर लावतो, टँकरपुढं घागर लावते. खत-बियाण्याच्या दुकानापुढं चपलांनी नंबर लावल्याचे फोटो मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत जूनमध्ये छापून येतात. मालक लिंबाच्या सावलीत आणि चपला उन्हात. चपलेला उन्हातान्हाचं काही नसतं आणि ती कुणाशी भांडतही नाही. तिचा तोटा एवढाच, की घाईत कुणी उचलून पुढं सरकवली तर तक्रार करत नाही.

२०१७ साली तुरीचं पीक उदंड आलं. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये, बाजारात भाव त्याच्या कितीतरी खाली. साहजिकच राज्यभरातल्या खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टर आणि टेम्पोंच्या रांगा लागल्या आणि माणसं आठवडेच्या आठवडे गाडीखाली झोपली. तेव्हाचा सार्वत्रिक प्रश्न भावाचा नव्हता, “नंबर लागला का?” हा होता. पुढं नोंदणी ऑनलाइन झाली, मोबाइलवर संदेश यायला लागला. गाडीखालची झोप गेली, प्रश्न तोच राहिला. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीच्या मोसमात आजही तोच ऐकू येतो.

फाट्यावरून सकाळी नांदेडकडं जाणाऱ्या गाड्यांत निम्मी माणसं डॉक्टर लेनला निघालेली असतात. नांदेडच्या या रस्त्यावर दवाखान्यांची अशी दाटी आहे की हिंगोली, परभणी, यवतमाळसकट आदिलाबादकडचे पेशंटही तिथंच येतात. शहरात ज्याला ‘अपॉइंटमेंट’ म्हणतात त्याला इथं नंबर म्हणतात. “फोन करून नंबर लावून ठिवलाय” असं सांगणारा माणूस डब्यात चपाती-ठेचा घेऊनच निघतो, कारण लावलेला नंबर लागेपर्यंत दुपार होते हे त्याला माहीत असतं. तिथं पोचल्यावर एक वेगळी जमात भेटते. “फक्त रिपोर्ट दाखवायचाय” म्हणत ती नंबराला वळसा घालून आत शिरते. ही माणसं आत जितका वेळ बसतात तितका वेळ तपासायचे पेशंटही बसत नाहीत.

याच वाटेवर ऐकायला मिळणारं एक वाक्य भाषाशास्त्राच्या परीक्षेत घालण्यासारखं आहे: “पोराचा मेडिकलला नंबर लागला.” पेढे घेऊन आलेल्या बापानं म्हटलं तर मुलगा एमबीबीएसला लागला. दवाखान्याच्या जिन्यात, हातात चिठ्ठी घेऊन म्हटलं तर पोरगा औषधाच्या दुकानापुढं रांगेत सहावा उभा आहे. ‘मेडिकल’ या शब्दानं आधीच दोन घरं केलेली, त्यात नंबर. तरीही ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. तो बापाचा चेहरा बघून अभिनंदन करायचं की गोळ्यांची विचारपूस, ते ठरवतो.

आता मुख्य भानगड. फाट्यावर खिचडी खाऊन उठलेला ड्रायव्हर बोटं चाटत म्हणतो, “एक नंबर!” ही या भागातली सर्वोच्च पदवी. पोरांना तीही कमी वाटते, म्हणून ते ‘एकच नंबर!’ म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीनं हे वाक्य अर्धवट आहे आणि गणिताच्या दृष्टीनं चमत्कारिक, पण खिचडीवाल्याला ते पूर्ण कळतं. या न्यायानं ‘दोन नंबर’ म्हणजे त्याच्या खालोखाल चांगलं असायला हवं. कुणा परप्रांतीय माणसानं सौजन्यानं “खिचडी एक नंबर, भजी दोन नंबर” असं म्हणून बघावं. भजीवाला झाऱ्यासकट बाहेर येईल.

कारण दोन नंबर म्हणजे बेकायदा. दोन नंबरचा पैसा, दोन नंबरची वाळू, दोन नंबरची दारू, दोन नंबरचा धंदा. यामागची कल्पना व्यापाऱ्यांच्या दोन वह्यांची असावी: एक सरकारला दाखवायची, दुसरी स्वतःला. त्या दुसऱ्या वहीतला सगळा संसार दोन नंबरचा. प्लॉटच्या व्यवहारात तर दोन्ही नंबर एका वाक्यात येतात. “एक नंबरमध्ये बारा, दोन नंबरमध्ये आठ” असं एजंट हळू आवाजात सांगतो, तेव्हा तो प्लॉटची तारीफ करत नसतो, बारा लाखांची रजिस्ट्री आणि आठ लाखांची पिशवी यांची विभागणी करत असतो. म्हणजे एक नंबरचेही दोन अर्थ झाले, उत्तम आणि कायदेशीर. हे दोन्ही एकाच वस्तूत सापडतीलच असं नाही. नदीची चाळलेली, दाणेदार, घर बांधायला एक नंबर अशी वाळू बऱ्याचदा रात्री येते आणि ती दोन नंबरची असते. रॉयल्टीची पावती फाडून, दिवसाढवळ्या, एक नंबरमध्ये आलेल्या वाळूत मात्र अर्धी माती निघाल्याची तक्रार गवंडी करतो.

पण ‘दोन नंबर’ आणि ‘दुसरा नंबर’ यांच्यात मराठीनं जी भिंत बांधली आहे ती खरी बघण्यासारखी. “माझी पोरगी वर्गात दुसऱ्या नंबरनं पास झाली” म्हणजे आनंद. “दोन नंबरनं पास झाली” म्हणजे पर्यवेक्षकाची चौकशी. संख्येला क्रमवाचक प्रत्यय लागला की नंबर अब्रूदार होतो, तोच प्रत्यय काढला की पोलीस ठाण्याच्या हद्दीत जातो. या भागात हा फरक पुस्तकी राहिलेला नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना, २०१० च्या सुमारास, कॉपीमुक्तीची मोहीम राबवली गेली आणि ती ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. दोन नंबरनं पास होण्याची वाट बंद झाल्यावर पहिला, दुसरा, तिसरा नंबर कुणाचा हे नव्यानं ठरवावं लागलं. निकाल असे काही घसरले की बऱ्याच पोरांना नंबरच राहिला नाही.

यातून लहान मुलं सुटतील असं वाटतं, पण नाही. शाळेत करंगळी वर केली की एक नंबर, दोन बोटं वर केली की दोन नंबर. बाई मान हलवतात, मूल पळतं. ही खूण कुणी शिकवत नाही, तरी वऱ्हाडापासून कोकणापर्यंत सगळ्या पोरांना येते. पुढं मोठं होऊन हाच मुलगा साइटवर उभा राहून “आपलं सगळं काम एक नंबरमध्ये असतं” असं छाती पुढं काढून सांगतो, तेव्हा त्याच्या बालमित्रांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते निराळ्याच अर्थाचं असतं.

गाड्यांच्या नंबराची कथा हिंगोलीत जरा हळवी आहे. १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला. नव्या जिल्ह्याला जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक वगैरे मिळतातच, पण जिल्हा खरा झाला असं लोकांना वाटतं ते गाडीला स्वतःचा नंबर आल्यावर. एमएच २२ पुसून एमएच ३८ आला. वारंगा फाट्यावर एका चहाच्या वेळात एमएच ३८, नांदेडचा २६, यवतमाळचा २९, वाशिमचा ३७ आणि अकोल्याचा ३० बघून होतात. पोरं नुसत्या नंबरावरून गाडी कुणाकडच्या लग्नाला चालली ते सांगतात. एसटीचं मात्र कोडंच. बस हिंगोली आगाराची, ड्रायव्हर-कंडक्टर इथले, धूळ इथली, पण पाटीवर एमएच २० किंवा एमएच १४. महामंडळाच्या बसगाड्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत बांधल्या जायच्या आणि नंबर तिथला पडायचा, त्याचा हा परिणाम. बाळंतपणाला माहेरी गेल्यावर जन्मदाखला तिथला मिळतो तसं.

ज्यांना सरळ नंबर पुरत नाही त्यांनी नंबराला अक्षर बनवलं. इंग्रजी आकड्यांतला चार-एक-चार-एक असा वळवायचा की ‘दादा’ वाचलं जावं. दोन-एक-चार म्हणजे ‘राम’. आठ-शून्य-पाच-पाच म्हणजे ‘बॉस’. पवारांसाठी ४९१२ आहेच. हे नंबर मिळवायला परिवहन खात्याकडं वेगळे पैसे भरावे लागतात, आणि भरून मिळाल्यावर तो ‘दादा’ असा रंगवला की मोटार वाहन नियमांखाली दंड भरावा लागतो. म्हणजे एकाच नंबरासाठी एकाच खात्याला दोनदा पैसे, आणि दोन्ही वेळा पावतीसकट, एक नंबरमध्ये.

मग उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या ती लावूनच येतात. जुन्या गाड्यांना ती लावण्याची महाराष्ट्रातली मुदत २०२५ मध्ये एकदा, दोनदा नव्हे तर पुन्हा पुन्हा वाढली. या पाटीवर आकडे यंत्रानं ठसवलेले असतात, त्यामुळं दादा नाही, राम नाही की पवारही नाहीत. पाटी मिळवायची रीत अशी: गाडीचा नंबर टाकायचा, इंजिन नंबर टाकायचा, चासी नंबर टाकायचा, मोबाइल नंबर टाकायचा, त्यावर आलेला ओटीपी नंबर टाकायचा, मग तारीख मिळायची आणि त्या तारखेला केंद्रावर जाऊन नंबर लावायचा. नंबरप्लेटसाठी.

चपलेचा नंबर त्यामानानं साधा वाटतो, पण त्याची मुळं फार खोल आहेत. “सात नंबर दाखवा” म्हणताना आपण इंग्रजी मापात बोलत असतो आणि त्या मापात एका नंबराचं अंतर इंचाचा तिसरा भाग असतं. हा तिसरा भाग आला कुठून, तर जवाच्या दाण्यावरून. तीन दाणे सलग मांडले की एक इंच, असा इंग्रजांचा जुना हिशेब. यात हसण्यासारखं काही नाही, कारण आपल्याकडंही आठ यव म्हणजे एक अंगुळ असं माप होतंच. तेव्हा बाजाराच्या दिवशी कळमनुरी तालुक्यातला शेतकरी प्लॅस्टिकच्या चपलेत पाय घालून “जरा ढिली व्हायली, एक नंबर कमी द्या” म्हणतो, तेव्हा तो दुकानदाराकडं जवाचा एक दाणा कमी मागत असतो. इथं ‘एक नंबर’चा चौथा अर्थ निघाला. दुकानदार गोंधळत नाही.

चष्म्याच्या नंबराचं उलट आहे. आज नंबर जास्त म्हणजे काच जाड. पण एकोणिसाव्या शतकात काचांचे नंबर नाभीय अंतराच्या इंचांवर होते, त्यामुळं नंबर जितका लहान तितकी नजर अधू. १८७२ मध्ये मोनोये नावाच्या फ्रेंच नेत्रवैद्यानं ‘डायॉप्टर’ हे माप सुचवलं आणि हिशेब फिरला. आता नंबर येतो, वाढतो, उतरतो, स्थिर होतो. तो ‘येतो’ हे विशेष. पाहुणा येतो तसा, न सांगता. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या चष्म्याला नंबर असणं हा दोष मानणारी मंडळी अजून आहेत आणि मुलाच्या गाडीला नंबर नसणं हा दोष न मानणारीही तीच.

नंबर अंगात फार मुरला की त्याला नंबर म्हणणंही सुटतं. तो सरळ नाव होऊन जातो. फाट्यावर “चारशे सात आली का?” असं विचारलं तर कुणी पुढचा आकडा विचारत नाही. १९८६ मध्ये टाटांनी आणलेल्या त्या मालवाहू गाडीचं मॉडेल ४०७ होतं. आता ती स्त्रीलिंगी नाम आहे, तिला भाड्यानं करतात, तिच्यात वऱ्हाड भरतात. कपडे धुवायला ‘पाचशे एक’ लागायचा. शेतात तर निखळ अंकगणित चालतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सोयाबीन म्हणजे ‘एकाहत्तर’, ‘एकशे बासष्ट’ नाहीतर ‘सहाशे बारा’. जबलपूरचं जुनं, हाडाचं चिवट ‘तीनशे पस्तीस’. त्याला खत ‘अठरा-शेचाळीस’ टाकायचं की ‘दहा-सव्वीस-सव्वीस’, यावर दोन शेतकरी बोलत असतील तर शेजारून जाणाऱ्या शहरी माणसाला ते मटक्याचे बुकी वाटण्याचा संभव आहे. सातबारा हा तर मराठीतला सगळ्यात जिवाभावाचा आकडा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन कागद एकत्र आले, एवढंच त्याचं कुळ. पण आता सातबारा कोरा होतो, सातबाऱ्यावर बोजा चढतो, भाऊ भावाचं नाव सातबाऱ्यावरून उडवतो. त्यात सात कुठं नि बारा कुठं हे तलाठी सोडून कुणी शोधत नाही.

चारशेवीसचं मात्र वाईट झालं. भारतीय दंड संहितेतल्या फसवणुकीच्या कलमावरून हा शब्द आला, १९५५ च्या ‘श्री ४२०’ नं तो घरोघर नेला आणि पिढ्यान्‌ पिढ्या लोकांनी एकमेकांना तो बहाल केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली. नव्या संहितेत कलमंच ३५८, म्हणजे चारशेवीस नंबर अस्तित्वातच नाही. माणसं मात्र आहेत. ‘तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे’ असं अजून तरी कुणी म्हटलेलं ऐकिवात नाही, आणि म्हटलं तर समोरच्याला तो सोयाबीनचा वाण वाटेल.

इथं कुणी मराठीचा अभिमानी विचारेल, की आपल्याकडं ‘आकडा’ होता ना? होता आणि आहे. पण त्याची संगत बिघडली. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर पैसे लावण्यातून सुरू झालेला मटका १९६० च्या दशकात पत्ते काढण्यावर आला आणि कापूस पिकवणाऱ्या गावांतही लोक ‘आकडा लावायला’ लागले. शिवाय आकडा म्हणजे हूकही. विजेच्या तारेवर तो टाकला की मोटार चालते, मीटर चालत नाही. तेव्हा “त्यानं आकडा टाकला” आणि “त्यानं आकडा लावला” ही दोन्ही वाक्यं दोन नंबरची झाली. छत्तीसचा आकडा भांडणाकडं गेला. एवढ्या भानगडीत सापडलेला शब्द डॉक्टरच्या दारात कोण वापरणार?

सरकारनं ‘क्रमांक’ दिला. तो अर्जावर आहे, फलकावर आहे, ‘क्र.’ या रूपात सगळीकडं आहे आणि कुणाच्या तोंडात नाही. ‘भ्रमणध्वनी क्रमांक’ या रकान्यापुढं आलेला अर्जदार बाजूच्याला विचारतो, “हितं काय लिवायचं?” आणि बाजूचा सांगतो, “नंबर.” आसन क्रमांक, पावती क्रमांक, गट क्रमांक यांची हीच गत. अपवाद बक्षीस समारंभाचा. तिथं निवेदक घसा साफ करून “प्रथम क्रमांक...” म्हणतो आणि खाली बसलेली आई शेजारणीला सांगते, “आमच्या पोट्ट्याचा पहिला नंबर आला.” क्रमांक जाहीर होतो, नंबर येतो.

देवाच्या दारी तरी हे थांबावं, पण औंढा नागनाथ याच जिल्ह्यात. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात नागेशाचं नाव आठवं येतं, म्हणून औंढा आठवं ज्योतिर्लिंग. गुजरातेतलं द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांचाही त्याच जागेवर दावा आहे. एका नंबरावर तीन दावे. परिवहन खात्यात हे चाललं नसतं. भाविकांचं अडत नाही. श्रावणी सोमवारी त्यांना विचारावं, आठवं ज्योतिर्लिंग नक्की कुठलं? ते म्हणतात, आधी नंबर लागू द्या.

माणसालाही २०१० मध्ये बारा आकडी नंबर मिळाला आणि देशातलं पहिलं आधार कार्ड महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पुढं जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले आले, त्यांच्यावरही बाराच आकडे. बाजारात बैल विकताना आता बिल्ल्याचा नंबर लागतो. बैलाचा फायदा एवढाच, की त्याला झेरॉक्स काढायला पाठवत नाहीत.

इंग्रजी ‘नंबर’नं स्वतःच्या देशात राहून काय कमी उचापती केल्या आहेत? त्याच्या ‘एन-ओ’ या संक्षेपातला ‘ओ’ मूळ इंग्रजी शब्दात कुठंच नाही, तो लॅटिनमधल्या ‘न्यूमेरो’चा आहे. तिकडं गाण्यालाही नंबर म्हणतात, आणि त्याच वाटेनं आपल्याकडं ‘आयटम नंबर’ आला. त्यामुळं इंग्रजांनी आमच्या लोकांना हसण्याचं कारण नाही.

एक वापर मात्र त्यांच्याकडं आहे की नाही कोण जाणे. फाट्यालगतच्या कुठल्याही गावात मातीहून परतलेली म्हातारी मंडळी पारावर टेकतात. गेलेला माणूस त्यांच्याच बरोबरीचा असतो. तंबाखू मळली जाते, कुणी पाणी आणून देतं. मग एकजण सुस्कारा टाकतो, “चला. आता आपलाच नंबर.” दुसरा, वयानं दोन-चार वर्षं मोठा, लगेच मान वर करतो. “तुमचा कसा? मी तुमच्या आधीचा हाय.” तिसरा, ज्याला कमी ऐकू येतं, विचारतो, “कशाचा नंबर लावायलेत?” कुणीतरी त्याच्या कानाशी ओरडून सांगतं. तो ऐकतो, चिमूट ओठात दाबतो आणि म्हणतो, “घुसू द्या की ज्याला घुसायचं त्याला मधी. मला काही घाई नाही.”